नेटवर्क ड्रायव्हरमधल्या वॉर्निंग्ज: कास्ट टाकून गप्प करू नका, या क्रमाने सोडवा

फोंड्याच्या आमच्या छोट्या ऑफिसात दर उन्हाळ्यात दोन-तीन इंटर्न येतात. लिनक्सचा एखादा नेटवर्क ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारा कोड) आणि कोड न चालवताच चुका शोधणारी टूलं हातात दिली की आठवड्याभरात कुणीतरी येऊन सांगतंच, "सर, शंभरावर वॉर्निंग्ज होत्या, सगळ्या घालवल्या." मी विचारतो, "कशा घालवल्या?" तिथे गाडी अडते. उघडून बघावं तर कुठे कास्ट (प्रकार जबरदस्तीने बदलणं) टाकलेला, कुठे व्हेरिएबलला शून्य देऊन ठेवलेलं, कुठे ओळच उडवलेली. टूल गप्प झालं, पण ड्रायव्हर आधीपेक्षा वाईट झाला.

दरवर्षी तेच समजावून सांगायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. कमांड, फंक्शन आणि व्हेरिएबलची नावं आपण तोंडाने म्हणतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन टाईप करायची.

१. हात लावण्याआधी: हा ड्रायव्हर साफ करायचाय का?

ड्रायव्हर तुमच्या कंपनीचा असेल, त्यावर रोज काम चालू असेल, तर खुशाल पुढे जा. मुख्य कर्नलमधला, कुणी दुसऱ्याने लिहिलेला, हार्डवेअर तुमच्याजवळ नसलेला जुना ड्रायव्हर असेल तर थांबा. नेटवर्किंग विभागाच्या लेखी नियमांत स्पष्ट म्हटलंय की दुसऱ्या कामाशी संबंध नसलेली नुसती साफसफाई नको. चेकपॅचच्या (कोडची शैली तपासणाऱ्या कर्नलच्या स्क्रिप्टच्या) किरकोळ तक्रारी, लोकल व्हेरिएबलचा क्रम, साध्या फंक्शनच्या जागी डेव्हएम जातीची (घेतलेली साधनं शेवटी आपोआप सोडणारी) फंक्शनं आणणं, ही त्यातलीच उदाहरणं. खरी चूक सापडली तर मात्र तिचं स्वागत होतं.

यात अपमान वाटायचं कारण नाही. वीस वर्षं चालणाऱ्या कोडमध्ये दिसायला बरं म्हणून केलेला बदल कधी काय मोडेल याचा नेम नसतो, आणि तपासायला ते कार्ड कुणाकडे उरलेलं नसतं.

२. हत्यारं लावा आणि आधीची यादी जपून ठेवा

तीन हत्यारं पुरतात. स्पार्स हे एंडियन (आकड्यातल्या बाइटांचा क्रम), पत्त्यांचे प्रकार आणि स्टॅटिक नसलेली नावं पकडतं. स्मॅच स्पार्सच्याच पायावर उभं आहे, पण कोड कुठून कुठे वाहतो ते बघतं: रिकामा पॉइंटर, सोडलेली मेमरी, विसरलेला एरर कोड. तिसरा कंपायलर स्वतः, डब्ल्यू=१ देऊन, म्हणजे जादा वॉर्निंग्ज मागून. कोक्सिनेल चौथं धरा. ठरावीक साच्यातल्या चुका शोधायला बरं आहे, पण नव्या माणसाने शेवटी वापरावं.

स्पार्स आणि स्मॅच डिस्ट्रोच्या पॅकेजमधून घेऊ नका. ती बहुधा जुनी असतात आणि नव्या कर्नलवर भलत्याच वॉर्निंग्ज ओकतात. गिटवरून घेऊन स्वतः बांधा.

मग प्रत्येक हत्यार वेगवेगळं चालवा आणि स्टँडर्ड एररचं आउटपुट वेगवेगळ्या फाइलमध्ये ठेवा. स्पार्ससाठी "मेक सी=२" आणि पुढे ड्रायव्हरच्या फोल्डरचा मार्ग. स्मॅचसाठी "चेक" मध्ये "स्मॅच -पी=कर्नल" द्यायचं. ते "-पी=कर्नल" विसरलात तर कर्नलसाठीच्या खास तपासण्या बंदच राहतात. स्मॅचचा डेटाबेसही बांधून घ्या, म्हणजे एका फंक्शनची माहिती त्याला दुसऱ्यात कळते. अख्ख्या कर्नलसाठी याला तासन्‌तास लागतात. आम्ही संध्याकाळी लावून घरी जातो, यूपीएसची बॅटरी एकदा बघून.

सावध: सी=१ आणि सी=२ यांत गफलत करू नका. सी=१ फक्त नव्याने कंपाइल होणाऱ्या फाइल तपासतं. एकदा चालवलं, वॉर्निंग्ज दिसल्या. काही न बदलता पुन्हा चालवलं तर स्क्रीन कोरी. दरवर्षी एकजण तरी त्या कोऱ्या स्क्रीनवर खूश होतो.

तपासा: हत्यार खरंच चालतंय का? ड्रायव्हरमध्ये मुद्दाम एक चूक घाला. बीई१६ (सोळा बिटांची बिग एंडियन) प्रकारची किंमत साध्या यू१६ मध्ये टाका. स्पार्स ओरडलं नाही तर तुमची सगळी यादी खोटी आहे. ओरडलं की ती ओळ काढा.

यादी जपताना दोन गोष्टी कराव्या लागतात. बिल्ड समांतर चालतो, त्यामुळे ओळींचा क्रम दर वेळी वेगळा येतो. म्हणून सॉर्ट करा. आणि वर एक ओळ वाढली की खालच्या सगळ्या वॉर्निंग्जचे ओळ-क्रमांक सरकतात. म्हणून तुलनेच्या प्रतीतून क्रमांक काढून टाका. मूळ प्रत तशीच राहू दे.

३. निवडा, मग धुवा

मासळी बाजारातून आणली की आधी निवडतात. बांगडे आणि सुंगटं एकाच पातेल्यात ओतून कुणी साफ करायला बसत नाही. यादीचे चार ढीग करा: खरी चूक, प्रकाराची खूण नसलेली पण बरोबर जागा, नुसती शैली, आणि टूलचा गैरसमज. प्रत्येक वॉर्निंगपुढे एक शब्द आणि एका ओळीचं कारण लिहा. कारण लिहिता आलं नाही तर ती वॉर्निंग तुम्हाला अजून कळलेली नाही.

यात अर्धा दिवस जातो आणि कोडची एक ओळही बदललेली नसते. मुलांना हेच जड जातं.

४. खऱ्या चुका सगळ्यात आधी

या स्मॅचच्या यादीत जास्त सापडतात. नेटवर्क ड्रायव्हरमध्ये पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या काही सांगतो.

पाकीट (नेटवर्कचं पॅकेट; कर्नलमध्ये ते एसकेबी नावाच्या स्ट्रक्टमध्ये असतं) देऊन टाकल्यावर त्याची लांबी वाचणं. "नापी_जीआरओ_रिसीव्ह" ला, म्हणजे वरच्या थराला, एसकेबी दिला, आणि पुढच्याच ओळीत आकडेवारीसाठी "एसकेबी->लेन" वाचली. देऊन टाकलेला एसकेबी आपला राहिलेला नसतो. तोवर तो मोकळाही झालेला असू शकतो. लांबी आधी लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या, मग एसकेबी द्या. ट्रान्समिटमध्येही हीच चूक असते: डिस्क्रिप्टर (पाकिटाची माहिती कार्डाला देणारी मेमरीतली नोंद) हार्डवेअरच्या हवाली केल्यावर लांबी वाचलेली.

विसरलेला एरर कोड. प्रोबमध्ये (कार्ड सापडल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) मेमरी मिळाली नाही, "गोटू" करून बाहेर पडलो, पण "रेट" मध्ये वरच्या यशस्वी कॉलचं शून्य तसंच. प्रोब फसला आणि कर्नलला सांगितलं "झालं सगळं". स्मॅच म्हणतं, "मिसिंग एरर कोड". तिथे उणे ईनोमेम (मेमरी नाही) द्यायचं.

अनसाइन्ड (ऋण न होणारा) आयआरक्यू, म्हणजे इंटरप्टचा क्रमांक. "प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू" फसलं तर ऋण आकडा देतं. तो अनसाइन्ड व्हेरिएबलमध्ये घेतला की "शून्यापेक्षा कमी आहे का" हे कधीच खरं होत नाही. व्हेरिएबल इंट करा. तपासणी निरर्थक म्हणून ती उडवणं हा उलटा उपाय, तोही पाहिलाय.

रिकामा पॉइंटर की एरर पॉइंटर. "डेव्हएम_आयओरीमॅप" फसलं तर रिकामा पॉइंटर देतं, "डेव्हएम_आयओरीमॅप_रिसोर्स" मात्र एरर पॉइंटर देतं. नावं सख्ख्या भावांची, स्वभाव वेगळे. कुठलं फंक्शन काय देतं ते त्याच्या सोर्समध्ये जाऊन बघा. आठवणीवर जाऊ नका.

"आधी वापरला, मग तपासला" या वॉर्निंगला दोन उत्तरं असतात. एकतर वापर खाली न्यायचा, नाहीतर तपासणीच फालतू असते. कोण कॉल करतं ते बघितल्याशिवाय ठरत नाही. ट्रान्समिट फंक्शनला कर्नल रिकामा एसकेबी कधी देत नाही, तेव्हा तिथली तपासणी काढलेली बरी.

ट्रान्समिटमध्येच आणखी एक. डीएमए मॅपिंग (कार्डाला मेमरी थेट वापरू देणं) फसलं तर एसकेबी सोडून द्यायचा आणि तरीही "नेटडेव्ह_टीएक्स_ओके" परत करायचं. सोडलेल्या एसकेबीबद्दल "बिझी" सांगितलंत तर वरचा थर तेच मेलेलं पाकीट पुन्हा रांगेत लावतो.

चूक सुधारताना एरर पाथचा क्रम मोडू नये. चवथीची माटोळी (गणपतीवर बांधलेली फळा-पानांची चौकट) उतरवताना शेवटी बांधलेलं आधी सोडतात, तसंच इथे. "रजिस्टर_नेटडेव्ह" शेवटी, कारण त्या क्षणापासून कुणीही इंटरफेस वर आणू शकतो. म्हणून काढताना "अनरजिस्टर_नेटडेव्ह" पहिलं. डेव्हएमची आणि हाताने सोडायची साधनं मिसळली की हा क्रम नकळत उलटतो. इंटरप्ट डेव्हएमने घेतला आणि "फ्री_नेटडेव्ह" रिमूव्हमध्ये हाताने केलं, तर इंटरप्ट त्यानंतर सुटतो. मधल्या वेळात हँडलर चालला तर तो सोडलेल्या मेमरीत हात घालतो.

सावध: "व्हेरिएबलला किंमत न देताच वापरलाय" ही वॉर्निंग आली की वर "रेट = ०" लिहायचा मोह होतो. त्याने कुठल्यातरी फसलेल्या वाटेला यशाचं प्रमाणपत्र मिळतं, आणि उद्या तिथे खरी चूक झाली तर कुठलंही टूल बोलणार नाही. किंमत कुठल्या वाटेवर मिळत नाही ते शोधा, तिथेच द्या.

५. एंडियन: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

कार्ड आणि ड्रायव्हर डिस्क्रिप्टरमधून बोलतात. बहुतेक कार्डांचे डिस्क्रिप्टर लिटल एंडियन (खालचा बाइट आधी) असतात, नेटवर्कवरच्या हेडरमधले आकडे बिग एंडियन (वरचा बाइट आधी). आपले एक्स८६ आणि बहुतेक आर्म बोर्ड लिटल एंडियन चालतात, म्हणून डिस्क्रिप्टर वाचताना केलेली चूक टेबलावर दिसतच नाही. ॲथरॉसच्या मिप्स चिपवरच्या जुन्या राउटरसारख्या बिग एंडियन यंत्रावर तोच ड्रायव्हर टाका: १५१४ बाइटच्या फ्रेमची सोळा बिटांची लांबी उलटी वाचली की ५९९०९ दिसते.

क्रम असा ठेवा.

पहिलं, डिस्क्रिप्टरच्या स्ट्रक्टमधल्या यू१६, यू३२ ना खरा प्रकार द्या: एलई१६, एलई३२, एलई६४. कार्डाचं डेटाशीट उघडून बघा; अंदाजाने ठरवू नका. हे केलं की वॉर्निंग्ज कमी न होता दुप्पट-तिप्पट होतील. घाबरून मागे फिरू नका, आतापर्यंत त्या झाकलेल्या होत्या.

दुसरं, प्रत्येक वापराची जागा बघा. समजा कोड आहे: "डेस्क->स्टेटस & आरएक्स_डन". स्पार्स म्हणेल, "रिस्ट्रिक्टेड एलई३२ डिग्रेड्स टू इंटिजर". दोन उपाय आहेत: स्टेटस "एलई३२_टू_सीपीयू" मधून काढणं, किंवा "आरएक्स_डन" लाच "सीपीयू_टू_एलई३२" मध्ये घालणं. दुसऱ्यात रूपांतर स्थिरांकाचं होतं, कंपाइल होतानाच उरकतं. एसकेबीच्या प्रोटोकॉलबाबतही तेच: "एसकेबी->प्रोटोकॉल" उलटवत बसू नका, ज्याच्याशी तुलना करायची त्या ईटीएच_पी_आयपीला "एचटॉन्स" लावा.

तिसरं, दुहेरी रूपांतर शोधा. रजिस्टरमध्ये लिहिणारं "रायटएल" स्वतःच किंमत लिटल एंडियन करून लिहितं. त्याला "सीपीयू_टू_एलई३२(किंमत)" दिलीत तर बिग एंडियन यंत्रावर ती दोनदा उलटते. स्पार्स इथे ओरडतं आणि इथेच लोक "फोर्स" कास्ट मारतात. बरोबर उपाय एकच: आतलं रूपांतर काढून टाका.

चौथं, मॅक ॲड्रेस. सहा बाइटच्या ॲरेवर यू३२ पॉइंटरचा कास्ट मारून रजिस्टरमध्ये लिहिणारा कोड फार दिसतो. त्यात एंडियनही चुकतं आणि अलाइनमेंटही. "गेट_अनअलाइन्ड_एलई३२" वापरा.

फोर्स कास्ट कधीच नको असं नाही. कार्डाने दिलेला कच्चा चेकसम एसकेबीच्या डब्ल्यूसम प्रकारात ठेवताना तो लागू शकतो, कारण तिथे बिट तेच असतात, फक्त प्रकाराचं नाव बदलायचं असतं. माझा नियम: फोर्स लिहिला की त्याच्या वर कारणाची एक ओळ. कारण सुचत नसेल तर फोर्स खोडा.

सावध: आरएक्सच्या कोडमध्ये तेच रूपांतर तीनदा दिसतं म्हणून सगळी फील्ड फंक्शनच्या वरच वाचून ठेवू नका. आधी "डन" बिट बघायचा, मग "डीएमए_आरएमबी" (वाचनांचा क्रम राखणारा अडथळा, म्हणजे बॅरिअर), मग लांबी. लांबी अडथळ्याच्या वर नेली की कधीतरी कार्डाने लिहायच्या आधीची शिळी लांबी हातात येते. कुठलंही स्टॅटिक टूल हे सांगणार नाही. वॉर्निंग काढता काढता तुम्हीच ही चूक घालाल.

तपासा: बदलाआधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल "ऑब्जडंप -डी" ने उघडून तुलना करा, कर्नलच्या स्क्रिप्ट्समध्ये याच कामासाठी "ऑब्जडिफ" आहे. एक्स८६ वर नुसत्या प्रकारांच्या खुणा बदलल्या असतील तर मशीन कोड जसाच्या तसा यायला हवा. मग तोच कोड बिग एंडियन पॉवरपीसीसाठी क्रॉस-कंपाइल करून पुन्हा तुलना करा. दोन्हीकडे सारखा आला तर ती फक्त खूण होती. एक्स८६ वर सारखा आणि पॉवरपीसीवर वेगळा आला तर तुम्ही चूक सुधारली आहे, किंवा नवी घातली आहे. कुठलं ते डेटाशीट सांगेल. वॉर्न-ऑनसारख्या मॅक्रोमध्ये ओळ-क्रमांक भरलेले असतात, तेवढा फरक सोडून द्या.

६. आयओमेम पॉइंटर

रजिस्टरचा पत्ता साध्या व्हॉइड पॉइंटरमध्ये ठेवला की स्पार्स "डिफरंट ॲड्रेस स्पेसेस" म्हणतं. प्रायव्हेट स्ट्रक्टमधल्या त्या फील्डला आयओमेम (हा हार्डवेअरचा पत्ता आहे) खूण द्या. बऱ्याच वॉर्निंग्ज एका ओळीत जातात. मात्र कुठे पॉइंटर सरळ उघडून रजिस्टर वाचलं असेल, तर तिथे "रीडएल" आणणं हा वर्तनातला बदल आहे: बाइटचा क्रम आणि बॅरिअर दोन्ही बदलतात. त्याचा पॅच वेगळा करा.

७. "किंमत घेतली, वापरली नाही"

डब्ल्यू=१ च्या यादीत ही सगळ्यात निरुपद्रवी दिसते. माझी झोप हिनेच उडवली होती.

आमच्या एका ड्रायव्हरच्या रीसेट फंक्शनमध्ये तीन ओळी होत्या. रीसेटचा बिट "रायटएल" ने लिहायचा, तेच रजिस्टर "रीडएल" ने "टेम्प" मध्ये वाचायचं, मग दहा मायक्रोसेकंद थांबायचं. "टेम्प" पुढे कुठेच वापरलेला नाही. आमच्या एका मुलाने व्हेरिएबल काढला आणि सोबत मधली ओळही उडवली. रिव्ह्यू मीच केला होता. टेबलावर सगळं ठीक चाललं. वेर्ण्याच्या एका ग्राहकाकडे बॉक्स लागले, जून आला, लाइट जायला-यायला लागली, आणि फोन सुरू झाले: लाइट आल्यावर कधीकधी लिंकच येत नाही, पुन्हा बंद-चालू केलं की येते.

पीसीआयवर "रायटएल" म्हणजे टपालपेटीत टाकलेलं पत्र. सीपीयू पुढे जातो, लिखाण वाटेतल्या ब्रिजमध्ये थांबलेलं असू शकतं. त्याच कार्डावरून काही वाचलं की आधीची लिखाणं पोचवावीच लागतात. ती मधली ओळ त्यासाठी होती. ती गेल्यावर दहा मायक्रोसेकंद कधीकधी लिखाण पोचायच्या आतच संपत, आणि पुढचा कोड रीसेटमधून बाहेर न आलेल्या कार्डाशी बोलायला जाई. टेबलावरच्या बोर्डवर वाट जवळची होती, तिथे हे कधी दिसलंच नाही.

तेव्हा व्हेरिएबल काढा, "रीडएल" ठेवा, आणि वर लिहा की हे वाचन लिखाण पोचवण्यासाठी आहे. काही स्टेटस आणि काउंटर रजिस्टर वाचली की आपोआप शून्य होतात. तिथलं "निरुपयोगी" वाचनही काढू नका.

तपासा: तुमच्या पॅचमध्ये उणे चिन्हाच्या ओळींत "रीडएल", "आयओरीड" किंवा "रीडडब्ल्यू" आहे का, ग्रेप करून बघा. असेल तर डेटाशीटमधलं ते रजिस्टर वाचल्याशिवाय पॅच पुढे जात नाही. त्या जूनपासून आमच्याकडे हा नियम आहे.

८. किरकोळ

एकाच फाइलमध्ये वापरलेल्या फंक्शनला स्टॅटिक लावा. पण आधी ते हेडरमध्ये असून तो हेडर इथे घ्यायचा राहिला नाही ना, ते बघा. ट्रान्समिट फंक्शनचा परतीचा प्रकार इंट असेल तर "नेटडेव्ह_टीएक्स_टी" करा. कर्नल-डॉकच्या (फंक्शनवरच्या माहितीच्या कॉमेंटच्या) तक्रारी शेवटी.

९. पॅच बांधणं आणि शेवटची चाचणी

एका पॅचमध्ये एकाच जातीचा बदल. मशीन कोड न बदलणारे पॅच आणि बदलणारे पॅच कधी मिसळू नका. पुढे बायसेक्ट (चूक आणणारं कमिट शोधणं) करताना तुम्हीच स्वतःला दुवा द्याल. खरी चूक असेल तर "नेट" झाडासाठी (दुरुस्त्यांची गिट शाखा), सोबत "फिक्सेस" टॅग आणि ज्या कमिटने चूक आणली त्याच्या हॅशची पहिली १२ अक्षरं. बाकीचं "नेट-नेक्स्ट" साठी. मर्ज विंडोच्या (पुढच्या कर्नलसाठी नवे बदल मुख्य झाडात घेतले जातात त्या) सुमारे दोन आठवड्यांत नेट-नेक्स्ट बंद असतं, तेव्हा घाई करून पाठवू नका. एका मालिकेत १५ हून जास्त पॅच नकोत. कमिटच्या मजकुरात "स्पार्सची वॉर्निंग काढली" एवढंच लिहू नका. वॉर्निंग उद्धृत करा, आणि वापरणाऱ्याला तिचा काय त्रास होत होता ते लिहा. त्रास नव्हता तर नव्हता असं लिहा.

हार्डवेअर असेल तर कासान, लॉकडेप आणि डीएमए-एपीआय डीबग (मेमरी, लॉक आणि डीएमएच्या चुका चालताना पकडणारे पर्याय) चालू करून कर्नल बांधा. आयपर्फने दोन्ही दिशांनी ट्रॅफिक सोडा, ते चालू असतानाच इंटरफेस खाली-वर करा, मॉड्यूल पन्नासेक वेळा काढा-घाला. चौथ्या टप्प्यात एरर पाथ बदलले असतील तर मेमरी मुद्दाम नाकारणारं फेलस्लॅब लावल्याशिवाय ते चालवून पाहिले असं म्हणू नका, एरवी ते कधी चालतच नाहीत. आणि वेर्ण्यानंतर आम्ही एक जादा चाचणी लावली आहे: बॉक्सचा प्लग टायमरच्या सॉकेटवर, रात्रभर बंद-चालू, सकाळी लॉगमध्ये लिंक किती वेळा आली ते मोजायचं.

हार्डवेअर नसेल तर पॅचमध्ये तसं लिहा: फक्त कंपाइल करून पाहिलं.

शेवटी सगळी हत्यारं पुन्हा चालवा, दुसऱ्या टप्प्यातल्या यादीशी तुलना करा. नवी एकही ओळ नको. उरलेल्या, म्हणजे टूलच्या गैरसमजाच्या ओळी, तुम्ही लिहिलेल्या कारणासकट ड्रायव्हरच्या फोल्डरशेजारी एका फाइलमध्ये ठेवा. पुढच्या उन्हाळ्यातला इंटर्न तिथूनच सुरुवात करेल.